राखलेली वेल

"बरं," एवढंच अक्का म्हणाली, आणि शिवांजलीला वाटलं की आपण जिना उतरत होतो आणि अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकला तर खाली पायरीच नव्हती. शनिवारची दुपार, सकाळची शाळा सुटलेली, डबा अजून दप्तरात, दोन्ही वेण्यांच्या लाल रिबनी घामानं मानेला चिकटलेल्या. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरची ती प्रयोगशाळा, तिथला सतत घुर्र करणारा फ्रीज, खिडकीबाहेर शंभर फुटी रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न, सगळं होतं तसंच होतं. फक्त समोरच्या संगणकावर एक काळा फोटो होता. त्यात प्रत्येक पानाला एक उभी रांग आणि रांगेत आडव्या पांढऱ्या पट्ट्या, कुणी काळ्या पाटीवर ओल्या बोटांनी ओढाव्यात तशा. वरच्या बाजूला वाईच्या दहा पानांच्या दहा रांगा, खाली पलूसच्या दहा. वाईच्या रांगा शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरींसारख्या होत्या, गणवेश एकच पण एकीची उंची दुसरीला नाही. पलूसच्या मात्र दहाही रांगा एकाच रबरी शिक्क्याचे दहा ठसे उमटवावेत तशा. त्याच जागी जाड पट्टी, त्याच जागी फिकी, त्याच जागी मोकळं. अक्कानं शांतपणे विचारलं होतं, "शिवांजली, ही पलूसची पानं दहा वेगवेगळ्या वेलींची आहेत ना?" तिनं सांगितलं होतं, "हो." आणि मग ते "बरं". रागाचं असतं तर बरं झालं असतं. दुकानदार फाटकी नोट परत न करता नुसती बाजूला ठेवतो, तसं ते होतं. "सोमवारी बघू," अक्का पुढं म्हणाली, "नाहीतर पलूस सोडून देऊ. नुसती वाई घेऊन लिहीन मी."

अक्काचं नाव स्वप्नाली मगदूम. प्रयोगशाळेत तिला सगळेच अक्का म्हणतात, तिच्यापेक्षा वयानं मोठे असलेले शिपाईसुद्धा. तिची पीएचडी कळलावीवर आहे. श्रावण-भाद्रपदात डोंगरउतारावर झुडपांना धरून चढणारी ती वेल, खाली पिवळी वर लाल अशी ज्वाळेसारखी फुलं असलेली. तिच्यापासून औषध होतं आणि ती पोटात गेली तर माणूस मरतो, दोन्ही खरं. सातारा-सांगलीच्या डोंगरांवर आपोआप उगवलेल्या या वेली आतून एकमेकींपेक्षा किती वेगळ्या आहेत, हे अक्का बघते. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, पण आतून वेगळ्या असल्या तर त्या डोंगराचं बरं असतं, कारण एखादी कीड आली तर काही जातात, काही तगतात. सगळ्या सारख्या असल्या तर किडीला एकदाच जेवायला बसायचं काम. हे अक्कानं जूनमध्ये शिवांजलीच्या नववीच्या वर्गात येऊन सांगितलं होतं आणि मग विचारलं होतं, "कळलावी पाहिलीय का कुणी?" आणि शिवांजलीचा हात वर गेला. तो हात वर गेलेला तिनं स्वतःच थोडा उशिरा पाहिला. बालवाडीपासून तिनं वर्गात आपणहून हात वर केला नव्हता. बाई विचारतील म्हणून ती बाकाखाली पेन्सिल शोधणाऱ्यांतली. पण कळलावी तिला ठाऊक होती, तिच्या आईच्या माहेरी वाईच्या वरच्या वाडीत गौरीचे हात त्याच फुलांचे करतात. "आमच्याकडं गौरीला लागते," ती म्हणाली, आणि अक्का हसून म्हणाली, "मग तूच माझी माणूस." त्या वाक्यावर शिवांजली दोन महिने जगली होती. वर्गात बोलायला लागली, प्रार्थनेत सुविचार सांगायला लागली, आई वैतागून म्हणाली, आता जरा गप बसायचं काय घेशील. आणि आज ते "बरं".

सायकल हातात धरून ती चालत निघाली, चढून बसावंसं वाटेना. कोपऱ्यावर भडंगाची पुडी घेतली, तीही दोन घास खाऊन तशीच राहिली, लसणाचा वास बोटांना. तिच्या डोक्यात पलूस नव्हतंच. कारण पलूसची पानं खरी होती, दहा वेली, दहा पानं, मोजून. तिच्या डोक्यात वाई होती. त्या फोटोत वाईच्या दहा रांगा होत्या आणि त्यातल्या पहिल्या आठ वेगवेगळ्या होत्या, आणि शेवटच्या दोन, नऊ आणि दहा, सारख्या. अगदी सारख्या. अक्कानं त्यांच्याकडं बोटही केलं नव्हतं. तिला दिसल्या नसतील का? पलूसच्या दहांच्या गोंधळात दोघींकडं कोण बघतंय. आणि शिवांजलीला कळलं की ती मनातल्या मनात देवाला हेच म्हणतेय की दिसल्या नसू देत. आणि त्याच दमात हेही कळलं की त्या सारख्या निघाल्या म्हणजे अक्काचं यंत्र अगदी बरोबर आहे. कारण वाईची नऊ आणि दहा ही दोन पानं एकाच वेलीची होती. ती तिनंच तोडली होती.

आषाढातली गोष्ट. दिग्विजयमामानं तिला गाडीवरून वाडीच्या वरपर्यंत नेलं होतं आणि स्वतः खाली दगडावर मोबाइल घेऊन बसला होता. जाण्याआधी अक्कानं वीस पाकिटं दिली होती, प्रत्येकात नव्या बुटांच्या खोक्यात असतात तसल्या खड्यांची पुडी, पान लवकर सुकावं म्हणून. नियम तीन. दोन वेलींत कमीत कमी पंचवीस पावलं. एका वेलीचं एकच पान. आणि कंद उकरायचा नाही. तिसरा नियम सांगताना अक्का म्हणाली होती, "आम्ही जैन, घरात बटाटासुद्धा येत नाही, आणि मी पीएचडी करते कंदावर. आई म्हणते, केलंच आहेस तर निदान उकरू तरी नको." मग दोघी हसल्या होत्या. आठ पानं भराभर झाली. प्रत्येक पानाच्या टोकाला शेपटीसारखी गुंडाळी असते, तिनं वेल झुडपाला धरते, आणि पान तोडताना ती गुंडाळी क्षणभर बोटालाही धरून बसते. शिवांजलीला ते आवडायचं, कुणी हात सोडत नाहीये असं. नववी वेल करवंदीच्या जाळीत होती. दहावी तिथून तीस पावलांवर, एका मोठ्या दगडाच्या आडोशाला, उंच, तजेलदार, कळ्यांनी भरलेली. आणि तिच्या बुडाशी हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली.

चिंधी म्हणजे राखलेली. वाडीतल्या बायका आषाढातच डोंगरावर येतात, आपल्या गौरीसाठी वेल निवडतात आणि जुन्या लुगड्याची पट्टी बांधून जातात. तिला कुंपण नाही, कुलूप नाही, कुणाचं नाव नाही. पण लुगडी सगळ्यांना ओळखू येतात आणि त्या वेलीला गौर येईपर्यंत दुसरं कुणी हात लावत नाही. गुरं राखणारी पोरंसुद्धा वळसा घालून जातात. सहा वर्षांची असताना शिवांजलीनं अशा एका वेलीच्या पानाचं टोक तोडून बोटात अंगठी घातली होती. घरी आल्यावर आईनं काही मारलं नाही, ओरडली नाही, तिला हाताला धरून ज्या बाईची वेल होती तिच्या दारात नेऊन उभी केली आणि म्हणाली, "सांग." शिवांजली उभी. आतून भाकरीचा वास, उंबऱ्यात एक मांजर, आणि तोंडातून शब्द निघेना. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक, अखेर ती बाई स्वतःच बाहेर आली, बोटातली अंगठी पाहून म्हणाली, "छान दिसती की," आणि आत गेली. त्यानंतर राखलेल्या वेलीजवळून जाताना शिवांजली हात पाठीमागं बांधून जायची. त्या दिवशीही, नववीतली शिवांजली, वर्गात हात वर करणारी, अक्काची माणूस, त्या हिरव्या चिंधीसमोर हात पाठीमागं बांधून उभी राहिली. पुढं अजून वेली होत्या, पण ओढ्यापलीकडं. खालून मामानं हॉर्न वाजवला. एकदा, मग दोनदा. ती परत करवंदीपाशी आली, नवव्या वेलीचं दुसरं पान तोडलं, पाकिटात घातलं, वर लिहिलं, वाई १०. काही झालं नाही. गुंडाळी बोटाला धरून बसली आणि सुटली, आधीच्या नऊंसारखीच. गाडीवर मागं बसल्यावर तिला उलट चांगुलपणाच वाटला होता, आपण राखलेल्या वेलीला हात लावला नाही म्हणून.

घरी आई पोळ्या लाटत होती. वडील सैन्यात, सध्या राजस्थानात, त्यांचा फोन रात्री येतो, म्हणून आई संध्याकाळीच कामं उरकते. "तोंड का उतरलंय गं?" आईनं पोळपाटावरून मान न उचलता विचारलं. "काही नाही." "काही नाही म्हणजे भडंगाची पुडी अर्धी आणलीस घरी. आजपर्यंत कधी अर्धी आलीय?" शिवांजली आपल्या खोलीत जाऊन वही घेऊन बसली. वाईचं पान तिनं उलटून टाकलं, बघायचंच नव्हतं. पलूसचं पान उघडलं. वडिलांचं गाव पलूसच्या अलीकडं, सगळीकडं ऊस, आणि उसाच्या पलीकडं एक बुटका डोंगर. तिथं ती जुलैच्या शेवटी गेली होती आणि तिथं तिला रंगूआत्या भेटली होती. आत्या म्हणजे गावातली, नात्यातली नाही, साठीच्या पुढची, कमरेला खुरपं खोचलेली, चालायला शिवांजलीपेक्षा जलद. "काय हुडकतीस?" तिनं विचारलं होतं आणि कळलावी म्हटल्यावर सरळ पुढं चालायला लागली होती. "ही घे एक. आता त्या शिवणीच्या झाडाच्या बुडाला हाय. मंग त्या कडुलिंबापाशी." शिवांजली पावलं मोजत मागं. "आत्या, थांबा की, मला लिहायचंय." "लिही की बाई, येल काय पळून चाललीय व्हय?" वहीत सगळं लिहिलेलं होतं. एक, शिवणीखाली. दोन, अठ्ठावीस पावलं, कडुलिंबाखाली. तीन, अठ्ठावीस, करंजाखाली. चार, सत्तावीस. पाच, अठ्ठावीस. मग वळण, परत अठ्ठावीस. तिनं रिकाम्या पानावर टिंबं काढली, सहज, हात चाळा करतो तशी. दहा टिंबं झाली आणि ती त्यांच्याकडं बघत राहिली. दोन ओळी, पाच-पाचच्या. फूटपट्टी ठेवली तर ओळीतली पाचही टिंबं तिच्या कडेला आली. वाईच्या डोंगरावर एक वेल करवंदीत, एक दगडाच्या फटीत, तीन एकाच बांधावर आणि मग लांबपर्यंत एकही नाही. आणि पलूसला ओळ. रान ओळीत उगवत नाही. उसाच्या गावात ओळीत जे असतं ते कुणीतरी लावलेलं असतं. तिच्या अंगावर काटा आला, पण तो चांगला काटा होता, गणित सुटताना येतो तसला. ती स्वयंपाकघरात गेली, उरलेलं भडंग उभ्यानंच संपवलं आणि म्हणाली, "आई, उद्या मी पलूसला जाऊ? एसटीनं, एकटी." आईनं तवा खाली ठेवला. "कंडक्टरला सांगायचं गावाच्या फाट्यावर उतरवा म्हणून. आणि उतरल्या उतरल्या फोन. आणि ते विष हाताळलंस तर हात धुवायचे." एवढंच. दोन वर्षांपूर्वी आईनं सोडलं नसतं, आणि दोन वर्षांपूर्वी तिनं विचारलंही नसतं.

रंगूआत्या अंगणात शेंगा निवडत होती. शिवांजलीनं वहीतली टिंबं तिच्यापुढं धरली. आत्यानं वही लांब धरून, मग जवळ धरून बघितली आणि खुदकन हसली. "घावली व्हय चोरी," ती म्हणाली. मग सांगितलं, शेंगा निवडता निवडता, जणू कालच्या बाजाराची गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी वनखात्यानं तो डोंगर झाडांसाठी घेतला. खड्डे खणायला गावातल्या बायका रोजंदारीवर. आत्या त्यांच्यात होती. "माजं म्हायार वाईच्या वरलं. तितं डोंगर पेटल्यागत फुलायचा. हितं आली तर गौरीला कागदाचं हात. बाजारातनं आणल्यालं, चमकीचं. तीन वर्सं लावलं. चौथ्या वर्सी म्हायारला गेले तवा आयनं तिच्या राखल्याल्या येलीचा एक कंद ओटीत घातला. त्यो हितं परड्यात लावला. त्येला दोन पाय असत्यात बग, नांगरागत. खड्डं खणाय लागलो तवापसनं दरसाली एक पाय मोडायचा आन् खात्याच्या खड्ड्यात सारायचा, झाडाच्या रोपाबरूबर. दहा वर्सं दहा खड्डं." "आणि कामावरचा मुकादम? त्यानं पाहिलं नाही?" "त्यो झाडं मोजायचा. त्येला येली मोजायला कुनी सांगितल्यालं?" शिवांजली हसत सुटली, इतकी की ओट्यावरची कोंबडी उठून गेली. सगळं बसत होतं. ओटीत आलेला एक कंद, त्याचा पाय, त्या पायाचा पाय. दहा वेली म्हणजे एकच वेल, डोंगरभर पाय पसरून बसलेली. तिनं आत्याला समजावून सांगितलं, फोटोचं, पट्ट्यांचं, आतून सारखं असण्याचं. आत्यानं शेंगा बाजूला ठेवल्या. कौतुक होईल असं शिवांजलीला वाटलं होतं, पण आत्याचा चेहरा मोजमाप करणाऱ्या माणसासारखा झाला. "म्हंजी एकीला कीड लागली तर समद्यांस्नी?" "लागू शकते." "आन् एकबी ऱ्हायची न्हाई?" "कदाचित." आत्यानं डोंगराकडं पाहिलं. दुपारचं ऊन अजून तुरा न आलेल्या उसाच्या सपाट हिरव्यावर पडलेलं, आणि मागं तो डोंगर, लांबून नुसता गडद. आता गावातल्या वीस-बावीस घरांच्या गौरींचे हात त्याच फुलांचे होत होते, हे शिवांजलीला नंतर कळलं. "मंग आन की दुसऱ्या," आत्या म्हणाली. "तू शिकल्याली हायस. वाईला आजोळ हाय तुजं. येक दोन येलींचं बी आन, आतनं येगळ्या असतील त्येंचं. मी लावते. आता खात्याचं खड्डं न्हाईत, पर हात हायत."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती सोमवारचं बोलणं जुळवत होती. पलूसचं सगळं सांगायचं, टिंबांसकट. अक्का खूश होईल. पलूस सुटणार नाही. आणि वाईचं, ते कशाला. नऊ आणि दहा कुणी पाहिलेलं नाही. ते एक पान काढलं न काढलं, वाईच्या डोंगराला काय फरक पडतोय. असं ती तासगाव येईपर्यंत म्हणत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपण परत त्या उंबऱ्यात उभ्या आहोत, मांजर बसलंय, भाकरीचा वास येतोय, आणि आई म्हणतेय, सांग. गंमत म्हणजे बोटात काहीच नव्हतं, तरी तिनं हात पाठीमागं नेला, एसटीच्या सीटवर, बसल्या बसल्या. शेजारची बाई म्हणाली, "पाठ दुखती का गं?" "नाही हो," शिवांजली म्हणाली, आणि हात पुढं घेऊन मांडीवर ठेवला. नवी शिवांजली हात वर करते. मग हा हात वर करायचा की नाही? जर अक्कानं विचारलं की पलूसचं तुझं मी खरं का मानू, तर तिच्याकडं दाखवायला काय होतं? तिचा शब्द. आणि तिचा शब्द वाईला एक पान खोटा होता. एका पानानं उरलेली एकोणीस खरी पानं अधांतरी लोंबत होती, असं तिला सांगली येता येता अगदी स्वच्छ दिसलं. घाबरल्यासारखं झालं, पण त्या घाबरण्याखाली कुठंतरी बरंही वाटत होतं, आता काय करायचं ते ठरलं म्हणून.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती धावतच दुसरा मजला चढली आणि श्वास घ्यायच्या आधी बोलली, नाहीतर बोललीच नसती. "अक्का, वाईची नऊ आणि दहा एकाच वेलीची आहेत. मी तोडली." अक्का काचेच्या नळ्या ठेवत होती. तिनं सगळ्या ठेवून झाल्यावर ड्रॉवर उघडला, फोटोची छापील प्रत काढली आणि टेबलावर ठेवली. वाईच्या नवव्या आणि दहाव्या रांगेभोवती पेन्सिलीनं गोल होता. बारीक, हलक्या हातानं काढलेला, पुसता येईल असा. "ह्या मला आधी दिसल्या," अक्का म्हणाली. "पलूसच्या आधी. म्हणून पलूसवर विश्वास बसेना. म्हटलं, जिनं दोन केली ती दहा करील."

"मग शनिवारी विचारलं का नाही?"

"पेन्सिलीनं काढलाय ना. वाट बघत होते. आता सांग, का केलंस?"

शिवांजलीनं चिंधीचं सांगितलं. बोलताना तिला वाटलं, किती खुळं वाटेल हे, यंत्रांच्या, नळ्यांच्या खोलीत लुगड्याच्या चिंधीची गोष्ट. पण अक्का हसली नाही. "कुठल्या रंगाची चिंधी?" तिनं विचारलं आणि वही ओढली. "हिरवी." "किती वेली राखलेल्या होत्या तिथं?" "वाटेत चार दिसल्या. सगळ्या चांगल्या, मोठ्या." अक्काचं पेन थांबलं. "म्हणजे तू त्या चारही सोडल्यास. आणि बायका राखतात त्या सगळ्यात जोमदार. म्हणजे माझ्या वाईच्या पानांत डोंगरावरच्या सगळ्यात चांगल्या वेली आल्याच नाहीत." ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नसतं." मग वर बघून, "दहावं पाकीट रिकामं आणता आलं असतं की."

"रिकामं आणलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हिला जमलं नाही."

"म्हटलं असतं. मग?"

मग काहीच नाही, हे शिवांजलीला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि दोन दिवसांचं ओझं इतकं हलकं निघालं की तिला हसू आलं. मग तिनं पलूसची टिंबं काढून दाखवली. रंगूआत्या, कागदाचे हात, ओटीतला कंद, झाडं मोजणारा मुकादम. मुकादमापाशी अक्का हसायला लागली ती डोळे पुसेपर्यंत. "एकच वेल. वीस वर्षं. सगळ्यांनी रान म्हणून लिहिलेली," ती म्हणाली. "पलूस राहणार. रानातली म्हणून नाही, रंगूबाईंनी लावलेली म्हणून. त्यांना विचारून घ्यायचं, चालत असेल तर नाव घालायचं." मग तिनं पेन्सिलीचा गोल खोडरबरानं पुसला नाही, त्यावरून पेन फिरवलं आणि शेजारी लिहिलं, एकच वेल, शिवांजलीनं स्वतः सांगितलं. आणि ड्रॉवरमधून एक नवं पाकीट काढून दिलं. त्यावर फक्त, वाई १०. "आणि ते बियांचं," शिवांजली म्हणाली, "रंगूआत्यांना दुसऱ्या वेली हव्यात." अक्कानं थोडा विचार केला. "बी चालेल. कंद नको. आणि कुठल्या वेलीचं बी कुठं गेलं ते लिहून ठेवायचं, नाहीतर वीस वर्षांनी अजून कुणीतरी अशीच बुचकळ्यात पडेल."

गौरी यायच्या दिवशी सकाळी शिवांजली वाईच्या वरच्या डोंगरावर होती. मामा खाली दगडावरच, मोबाइल घेऊन. डोंगर खरोखर पेटला होता. ज्या उतारावर आषाढात नुसता हिरवा गुंता होता तिथं आता जागोजागी ज्वाळा, पाकळ्या वरच्या दिशेनं उलटलेल्या, वाऱ्यावर हलताना जळतायत असंच वाटावं. हिरव्या चिंधीच्या वेलीपाशी एक बाई विळा घेऊन फुलं कापत होती. पुढून चेहरा दिसला तेव्हा शिवांजली जागच्या जागी थांबली. शालूबाई. त्याच दारातली, अंगठी बघून छान दिसती की म्हणालेली. केस पांढरे झालेले, बाकी तीच. हात आपोआप पाठीमागं गेले, आणि मग शिवांजलीनं ते पुढं घेतले. "शालूमावशी, मला ह्या वेलीचं एक पान पाहिजे," ती म्हणाली, "आणि एक फूल वेलीवरच ठेवाल का? बी धरायला." आणि कशासाठी ते सांगितलं, पलूसच्या डोंगरासकट.

शालूबाईनं पान तोडून तिच्या हातात दिलं. "आषाढात आली हुतीस ते तुज्या दिग्यामामाकडनं कळलं. एवढ्यासाठी थांबलीस व्हय? इचारायचं की. मी काय न्हाई म्हनले असते?" मग वेलीवरून नजर फिरवून तिनं सगळ्यात वरचं, दगडावरून पलीकडं झुकलेलं फूल दाखवलं. "त्ये ठेव. त्येला ऊन लय, बोंड चांगलं धरंल. दिवाळीच्या फुडं ये न्यायला." आणि पाटीत फुलं रचत म्हणाली, "पलूसच्या बाईला सांग, पैल्या वर्सी येल येती पन फुलत न्हाई. घाबरायचं न्हाई म्हनावं."

शिवांजलीनं पान पाकिटात घातलं, गुंडाळी बोटाला धरून बसली होती ती सुटायची वाट पाहिली. मग खिशातून एक रिबन काढली, शाळेची, लाल, टोकाला धागे सुटलेली. ती तिनं त्या एका फुलाच्या देठाला बांधली, सैल, देठाला काच पडू नये अशी, दोन गाठी. शालूबाई कडेला उभी राहून बघत होती. "आता तुजीबी राखल्याली झाली," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन उतरायला लागली.

शिवांजली तिच्या मागोमाग निघाली. खालून मामानं हॉर्न वाजवला, एकदा, मग दोनदा. "आले, थांब की जरा," ती ओरडली आणि वळून वर पाहिलं. लाल फुलांत लाल रिबन लांबून अजिबात दिसत नव्हती. पण वाटेनं येणाऱ्या प्रत्येक बाईला ती दिसणार होती, आणि दिवाळीपर्यंत तिला कुणी हात लावणार नव्हतं.